लिंबाला टांगलेल्या पिना

गॅरेजात दोन गोष्टी न मागता साठतात. एक भंगार, दुसरे किस्से. भंगार न्यायला भंगारवाला तरी येतो, किस्से कोण नेतो? ते डोक्यातच पडून राहतात. आता माझे हात थकले, खांदा गेला. संध्याकाळी चार जण भेटले की कोणी ना कोणी म्हणतंच, "मारुतीमिस्त्री, सांगा की एखादा!"

मी सांगायला लागतो. आणि दरवेळी निम्म्यात माझ्या ध्यानात येतं की ह्याही किश्श्यात मिलिंदच भाव खाऊन चाललाय!

तीस वर्षं घन मी मारला. काळे हात घेऊन मी जेवलो. आणि माझ्याच तोंडून किस्से निघतात ते त्याचे! आता ह्याला काय म्हणावं? बरं, खोटं सांगावं तर ऐकणारे निम्मे तिथलेच. त्यामुळं जसं झालं तसं सांगतो. जळून सांगतो, पण खरं सांगतो.

*

आमचं गॅरेज अहमदपूरला, नांदेड-लातूर रस्त्याला लागून. मालक खाजाभाई, आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणायचो. ट्रकच्या पाट्यांचं काम निघालं की लोक आधी उस्तादचं दार शोधायचे.

गाडीखाली पोलादी पाट्यांची थप्पी असते. तिच्या दोन्ही टोकांना अंगठ्यापेक्षा जाड पिना घालून ती गाडीला अडकवलेली असते. ग्रीस दिलं नाही, पाणी बसलं, की पिन आत गंजून अशी धरते की काही विचारू नका! ती काढणं हेच आमचं पोट.

उस्तादची रीत ठरलेली. धरलेली पिन ठोकून अख्खी काढायची. गॅस कटर लावला की हार! मग कापलेले दोन्ही तुकडे तारेत ओवायचे, वर पत्र्याच्या तुकड्यावर आपलं नाव लिहायचं आणि दारातल्या कडुलिंबाला टांगायचं. येणारा-जाणारा वाचणार. शिवाय त्या दिवशी सगळ्या गॅरेजाला आपल्या हातानं चहा करून पाजायचा.

लिंबाला माझ्या सात पिना होत्या. वारा सुटला की खणखण वाजायच्या. एकदा आमची सुमन डबा घेऊन आली. वर बघून म्हणाली, "अगं बाई, ह्या घंट्या कशाच्या बांधल्या?"

उस्ताद खाटेवरून म्हणाले, "भाबी, ये सब मारुती के मेडल हैं!"

आणि माझा चहा? पहिल्याच घोटाला उस्ताद तोंड वाकडं करून विचारायचे, "ये सजा तेरी है के हमारी?"

*

आणखी एक रीत होती. नवी पिन बसवली की तिच्या टोकावर आपली खूण ठोकायची. उस्तादचं एक टिंब, माझी तीन टिंबं. उद्या रस्त्यात काही झालं तर काम कोणाचं ते कळलं पाहिजे.

आणि एक गोष्ट मात्र गॅरेजात बोलायचीसुद्धा सोय नव्हती. पिनेला वेल्डिंग! देगलूरकडच्या रस्त्याला कोणाच्या तरी वेल्डिंगची पिन तुटली, पाटा सुटला, गाडी पलटली. आत उस्तादचा धाकटा भाऊ होता. त्याचा पाय गुडघ्यापासून गेला. तो भाऊ अधूनमधून कुबडी टेकत गॅरेजात यायचा आणि लिंबाखाली बसायचा. तो आला की उस्ताद कोणाशी फार बोलत नसत.

"पिन को वेल्डिंग करनेवाला मेरे कू नक्को," उस्ताद म्हणायचे. नुसते म्हणायचे नाहीत. एका मिस्त्रीनं घाईघाईत असं काम केलेलं उघडं पडलं, तेव्हा तो जेवत होता. उस्तादनी त्याला डबा पुरा खाऊ दिला, हात धुऊ दिले, आणि मग रस्ता दाखवला. चांगल्या हाताचा माणूस होता. परत कधी त्याला दारात उभं केलं नाही.

हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

*

मिलिंद आला तो हदगावहून. वडील मास्तर, आणि हा नांदेडच्या आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन आलेला. इस्त्रीची पँट! खिशाला पेन! गॅरेजात पेन कशाला लागतो, मला सांगा! पिशवीतून काय काढावं त्यानं? दात घासायचा ब्रश.

मी म्हटलं, "काहून, घरी तोंड धुवून न्हाई आलास?"

"दादा, हा पिनेसाठी हाय," तो म्हणाला. दादाबिदा म्हणून बोलायचा, त्यामुळं धड भांडताही येत नसे.

त्या दिवशी एका तेलमिलच्या ट्रकची पिन माझ्यापुढं होती. दोन दिवस घन मारून राहिलो होतो. हाताला फोड आलेले. मिलिंद खाली सरकला. रॉकेलात ब्रश बुडवून त्यानं ती पिन अशी धुतली जसं काय तिचं बारसं आहे. मी आपला बघून हसतोय. मग त्यानं पाट्याच्या अलीकडं जॅक लावला, गाडीचं वजन त्या पिनेवरून उतरेपर्यंत ती उचलली, पिनेवर टेकवायचा पोगर ठेवला आणि दोनच ठोके दिले.

पिन सटकन बाहेर! माझ्या पायाशी येऊन पडली.

गाडीचं सगळं ओझं पिनेवर असताना मी दोन दिवस तिला बडवत होतो, हे तेव्हा मला कळलं. सगळ्यांनाच कळलं.

उस्ताद खाटेवरून उठून आले. म्हणाले, "मारुती, दो दिन से तू पिन को मार रहा था के गाडी को?"

त्या दिवसापासून माझ्या पोटात जे जळायला लागलं, ते लागलं.

*

माहूरच्या घाटात यात्रेकरूंचा एक ट्रक अडकला. उस्तादनी आम्हा दोघांना एसटीनं धाडलं. घन, जॅक, टॉमी, सगळं ओझं माझ्या खांद्यावर. ह्याच्या हातात ती पिशवी. ब्रशची!

पाटा तुटलेला, पिन धरलेली. मी आपला खाली झोपून घन मारतोय, धूळ तोंडात जाऊन राहिली. मिलिंदनं एक चक्कर मारली आणि वर बसलेल्या सगळ्यांना खाली उतरवलं. म्हणाला, "मंडळी, दोन्ही बाजूनं गाडीला हात लावा आणि झोका द्या. सगळ्यांनी एका टायमाला."

लोकांना काय, आधीच देवीचा उत्साह! "रेणुकामाता की जय" म्हणून इकडून झोका, "जय" म्हणून तिकडून झोका. गाडी डुलायला लागली. प्रत्येक झोक्याला मी एक ठोका द्यायचा. आणि पिन खरोखरच बोटबोट चालत बाहेर आली!

एक म्हातारी पुढं झाली. देवीला न्यायचा नारळ तिनं सरळ मिलिंदच्या हातात ठेवला. डोळ्यांत पाणी. "देवीनंच धाडलं रे बाबा तुला!"

मिलिंद म्हणाला, "आजी, मला खाजाभाईनं धाडलंय."

आजूबाजूचे हसले. मी तेवढ्यात गाडीखालून बाहेर आलो. केसापासून पायापर्यंत माती. म्हातारीनं माझ्याकडं बघितलं आणि त्याला विचारलं, "अन् हे कोण?"

"आमचे मोठे मिस्त्री हायेत. पिन त्यांनीच काढली."

म्हातारी मला वरून खाली बघत म्हणाली, "असंल बाबा. तू म्हणतोस तर असंल."

*

मग आली अप्पांची गाडी.

लातूर जिल्हा झाला ते साल. तोवर कलेक्टर कचेरीचं काम निघालं की आम्हाला उस्मानाबाद गाठावं लागायचं. जायला दिवस, यायला दिवस, आणि साहेब दौऱ्यावर! आता लातूर म्हणजे घरचं आंगण. गावोगाव फटाके, पेढे. आणि आमच्याकडचे मोठे शेतकरी बसलिंगअप्पा, त्यांच्या डोक्यात आलं की लातूरच्या मिरवणुकीत आपली जुनी गाडी न्यायची.

गाडी म्हणजे लढाईनंतर लिलावात निघालेला लष्करी ट्रक. लांब नाकाचा, पेट्रोलचा. बहात्तरच्या दुष्काळात ह्याच गाडीनं खडीच्या कामावरच्या लोकांना अमेरिकेतून आलेला लाल मिलो जोंधळा पोचवला होता. मग इंजिन बसलं आणि गाडी दहा वर्षं अप्पांच्या शेतात बाभळीखाली उभी राहिली. हौद्यात कोंबड्या अंडी घालायच्या.

"तिनं आमाला जगवलं, आता तिला मिरवायची," अप्पा म्हणाले. दोन ट्रॅक्टर लावून गाडी ओढत आणली होती. पुढं ती लातूरला मिरवली, अप्पांनी फेटा बांधला, ते सगळ्यांनी बघितलं. मी सांगतोय ते त्याच्या आधीच्या तीन दिवसांचं.

इंजिनवाला इंजिन करणार होता. आमच्याकडं पाटे. बारा पिना, आणि बाराच्या बारा धरलेल्या!

उस्ताद खाटेवर बसले होते. त्यांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते. त्यांनी उशाचा पितळी पोगर काढला. पोगर म्हणजे पिनेवर टेकवून वरून घन मारायचा तो वीतभर दांडा. हा पितळी त्यांना त्यांच्या हैदराबादच्या उस्तादनं दिलेला. त्याला आम्ही हात लावायचीसुद्धा बंदी होती.

"डाव्या बाजूच्या सहा मिलिंद, उजव्या बाजूच्या सहा मारुती," उस्ताद म्हणाले. "जो बिना काटे पहले निकालेगा, पोगर उसका. मेरे बाद गॅरेज भी वोच देखेगा."

मी गाडीकडं बघितलं. डावी बाजू, पुढचं चाक. आणि ती आली मिलिंदकडं!

तेवढ्यात अप्पांनी कहर केला! माझ्या पाठीवर थाप मारून उस्तादना म्हणाले, "अवो, दुष्काळात हिची डावी बाजू मारुतीनंच करून दिली होती की! तुमी हैदराबादला होता तवा. लई गुणाचं पोरगं!"

उस्तादनी मान वर केली. "अच्छा? क्या किया था रे?"

"काही न्हाई उस्ताद," मी म्हटलं, "नुसतं ग्रीस मारलं होतं."

*

ग्रीस! ग्रीस कसलं ग्रीस? वेल्डिंग केलं होतं मी!

आता तुम्हीच ऐका आणि सांगा. उस्ताद पार्ट आणायला हैदराबादला गेलेले. मी गॅरेजात एकटा. अप्पांची गाडी मिलोच्या पोत्यांनी भरलेली, दारात येऊन वाकडी उभी राहिली. डावीकडची पुढची पिन झिजून झिजून पाटा लटलटत होता. त्या मापाची पिन गॅरेजात नव्हती, अहमदपूरला नव्हती.

अप्पा हात जोडून उभे राहिले. तसला मोठा माणूस माझ्यापुढं! "मारुती, तिकडं खडीवर तीन गावची माणसं बसल्यात. कालपासून कोणाच्या पोटात काही न्हाई. काहीबी कर बाबा."

बारीक पिन होती, तिला डब्याचा पत्रा गुंडाळून ठोकली. तरी सरकायची. शेवटी गॅस पेटवला आणि आतल्या अंगानं, कोणाला दिसणार नाही अशा जागी, वेल्डिंगचा टाका मारला. अप्पांना म्हटलं, "हळू न्या, आणि येताना हितं लावा. मी बदलून देतो."

लोक जेवले. गाडी येताना शेतातच बंद पडली आणि मग कधी आलीच नाही. उस्ताद परत आले, मी उद्या सांगीन, परवा सांगीन म्हणत राहिलो. दहा वर्षं गेली.

आणि माझं शहाणपण बघा! वेल्डिंग करायच्या आधी मी त्या पिनेच्या टोकावर सवयीनं आपली तीन टिंबं ठोकली होती! चोरानं घर फोडावं आणि भिंतीवर आपलं नाव लिहून जावं!

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उस्तादना म्हटलं, "उस्ताद, मी डावीकडचं घेतो. मिलिंदला उजवं द्या."

"कायकू? उजवीकडं काय विंचू बसलाय?"

"न्हाई, आपलं ऊन येतं तिकडं."

"उन्हात दहा वर्षं गाडी उभी होती, तिनं तक्रार केली न्हाई. तू चल, लाग कामाला!"

मग मी दुसरी युक्ती केली. मिलिंदचा ब्रश मला माहीत होता. तो आधी धुणार, आणि धुतलं की वेल्डिंगचा टाका दिसणार. दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा मी काळ्या मातीत ग्रीस कालवलं आणि गाडीखाली सरकून त्या डाव्या पिनेवर मूठभर लिंपलं. वरून धूळ मारली. काम असं बेमालूम की मलाच वाटलं, चला, एक तरी काम सुबक झालं!

मिलिंद जेवून आला, खाली सरकला. जरा वेळानं त्याचा आवाज आला.

"दादा!"

"काय रे?"

"ही गाडी दहा वर्षं जागची हलली न्हाई ना?"

"न्हाई."

"मग हिला ओला चिखल कुठून येऊन राहिला?"

मी घन मारायला लागलो. जोरजोरात. ऐकूच आलं नाही असं दाखवलं.

*

त्याच संध्याकाळी घरी गेलो तर मिलिंद आमच्या ओसरीवर बसलेला! समोर सुमन, मध्ये तिच्या माहेरचा पितळी डबा. त्याचं झाकण दिवाळीपासून धरलेलं. मी दोनदा हातोडी घेऊन गेलो होतो, पण सुमननं हात लावू दिला नव्हता. हा पठ्ठ्या माझा विसरलेला टिफिन द्यायला आला आणि तिनं ह्याला बसवून घेतलं.

मिलिंदनं झाकणावर गरम पाण्याचं फडकं ठेवलं, डबा गार पाण्यात बसवला, पाच मिनिटं सुमनशी गप्पा मारल्या आणि हळूच फिरवलं. उघडलं!

सुमन माझ्याकडं वळून म्हणाली, "बघितलं का? अवो, तुमी असता तर त्याला वेल्डिंग करून ठेवलं असतं!"

माझ्या हातातला तांब्या खाली पडला. तिला बिचारीला काय माहीत? ती आपली गंमत करून गेली. पण मिलिंद हसला नाही. माझ्याकडं बघत होता.

मग म्हणाला, "न्हाई वहिनी, दादा तसलं करणार न्हाईत."

मला त्या घडीला तो माणूस जेवढा नकोसा झाला, तेवढा आयुष्यात कोणी झाला नसेल. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

*

तिसरा दिवस.

दुपारपर्यंत माझ्या पाच निघाल्या होत्या. अख्ख्या, न कापता! खोटं नाही सांगत, त्या तीन दिवसांत मी जसं काम केलं तसं कधी केलं नाही. जॅक लावून वजन उतरवत होतो, रॉकेल मुरवत होतो. हो, ब्रशसुद्धा आणला होता, सुमनचा जुना. लपवून वापरत होतो.

मिलिंदच्याही पाच निघाल्या. राहिली ती एकच, डावी पुढची.

उस्ताद दुपारच्या नमाजाला गेले. बाकीचे जेवायला पांगले. गाडीखाली आम्ही दोघंच, इकडून मी, तिकडून तो. त्याच्या ब्रशचा खरखर आवाज येत होता. आणि मग तो थांबला.

मी घन खाली ठेवला.

"दादा," तो पलीकडून म्हणाला. अगदी हळू. "दुष्काळात तुम्ही हिला नुसतं ग्रीसच मारलं होतं ना?"

सांगायला हवं होतं. तेवढी एकच वेळ होती. दोघंच होतो, उस्तादही नव्हते. पण मला काय दिसत होतं? डबा संपवून, हात धुऊन रस्त्याला लागलेला तो मिस्त्री दिसत होता. उशाचा पितळी पोगर दिसत होता.

"हाव," मी म्हटलं. "नुसतं ग्रीस."

"बरं," तो म्हणाला.

मग छिन्नीचा आवाज आला. टक, टक, टक. पोगराचा आवाज वेगळा असतो, छिन्नीचा वेगळा. मग दोन-चार घन बसले. मग कानशीचा आवाज. मग काहीच नाही. आणि मग, तुम्हाला सांगतो, गॅस पेटल्याचा फुर्र आवाज आला! चाकाच्या मधून निळा उजेड मला दिसला.

मिलिंदनं कटर पेटवला! मिलिंद हरला!

पाच वर्षांची माझी जळजळ एका क्षणात निवली. लाज वाटायला हवी होती. नाही वाटली! मी माझी सहावी पिन धरली, वजन बघितलं, पोगर लावला आणि जे ठोके दिले! पंधरा मिनिटांत ती माझ्या हातात आली. अख्खी, रुपयासारखी गोल. मी गाडीखालून बाहेर येऊन ओरडलो, "झाल्या सहा!"

उस्ताद नमाजाहून येतच होते. भाऊ बरोबर होता, कुबडी टेकत. मिलिंद लिंबाखाली उभा. एका हातात तार, एका हातात पत्र्याची चिठ्ठी, त्यावर त्याच्या त्या पेननं लिहिलेलं त्याचंच नाव. आज लागला एकदाचा पेन.

"उस्ताद, हरलो," तो म्हणाला. "कापली."

"दिखा."

उस्तादनी पिन हातात घेतली. चष्मा काढून पुसला, परत घातला. पिन एकदा फिरवली, परत फिरवली. मी शेजारीच उभा होतो, मलाही दिसली.

धरलेली पिन सोडवायला आपण कापतो ती मधोमध, आणि तिचे दोन तुकडे होतात. लिंबावर माझ्या सात पिना आहेत, सगळ्यांचे दोन-दोन तुकडे. ही पिन एक होती. अख्खी! जळालेलं होतं ते फक्त तिचं टोक, नखाएवढं. तीन टिंबांपुरतं.

उस्तादनी मिलिंदकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी मिलिंदच्या हातातली तार घेतली आणि थरथरत्या हातानं पिन स्वतः टांगली. माझ्या सातांच्या शेजारी, मिलिंदच्या नावानं.

खाटेजवळ गेले. उशाचा पोगर काढला आणि माझ्या हातात ठेवला.

"संभाल के," ते म्हणाले. "पितल है. वेल्डिंग के आगे नहीं चलता."

आणि भावाला हात देऊन त्याला खाटेवर बसवलं.

मी पोगर धरून उभा. अप्पा आले, त्यांनी मला मिठी मारली, "मी म्हटलंच होतं, लई गुणाचं पोरगं!" लोकांनी पाठ थोपटली. मिलिंद मात्र तिकडं स्टोव्ह पंप करून राहिला होता. हरला होता ना! रीत होती.

चहा झाला. पहिला कप त्यानं मला आणून दिला. "घ्या दादा." मग उस्तादना दिला, भावाला दिला, बाकीच्यांना दिला. वाऱ्यानं वरच्या पिना वाजत होत्या.

उस्तादनी कप रिकामा केला. मग तो मिलिंदपुढं धरून म्हणाले, "और है क्या, बेटा?"

सात वेळा चहा केला हो मी त्या गॅरेजात. सात वेळा! उस्तादनी दुसरा कप कधी मागितला नाही!